वीजबिल कमी करायचे? आधी बिल वाचा, मग सवय बदला, मग खर्च करा

पाटण तालुक्यातल्या वाचकांचा एक प्रश्न वर्षानुवर्षे तसाच येतो. धरण आमच्या उशाला, पवनचक्क्या आमच्या वनकुसवडे पठारावर, मग आमचेच बिल एवढे कसे? ज्या गावांनी कोयनेसाठी घरेदारे सोडली, त्यांच्या तोंडी हा प्रश्न न्याय्यच आहे. पण घराचे बिल त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरत नाही. १,९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना प्रकल्पातली बहुतेक वीज शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणच्या बाजूस नेऊन तयार होते आणि राज्याच्या जाळ्यात जाते. घरगुती वीजदर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि महावितरणच्या सर्व ग्राहकांना तो सारखाच असतो. कोयनानगरला वेगळा आणि कोल्हापूरला वेगळा, असे नाही.

दर तुमच्या हातात नाही. किती युनिट वापरायची आणि बिल बरोबर आहे की नाही हे तपासायचे, या दोन गोष्टी मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत. त्यांचाच क्रम इथे मांडला आहे. हा क्रम मोडू नका. बिल न वाचता आणि सवयी न बदलता थेट सौर पॅनेलची चौकशी करणारी घरे अनेकदा गरजेपेक्षा जास्त पैसे गुंतवतात.

युनिट जाते कुठे?

१,००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट पडते. एवढे सूत्र लक्षात ठेवले की प्रत्येक उपकरणाचा हिशेब घरीच करता येतो. महिना ३० दिवसांचा धरून काही उदाहरणे पाहा:

- ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज ५ तास: ९ युनिट. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी: दीड युनिटपेक्षा कमी.
- ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास: २७ युनिट. सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा: ११ युनिट.
- १० वॅट खाणारा सेट-टॉप बॉक्स दिवसरात्र चालू: ७ युनिट.
- १ अश्वशक्तीची पाण्याची मोटर रोज अर्धा तास: ११ ते १५ युनिट.
- १,५०० वॅटचा हीटर रॉड रोज एक तास: ४५ युनिट.
- २,००० वॅटचा गिझर रोज एक तास: ६० युनिट.

यादीच्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. मोबाइलचा चार्जर काढला की नाही यावरून घरात वाद होतात, पण अंघोळीच्या पाण्याचा विषय कोणी काढत नाही. खरे युनिट तिथेच जाते.

१०० युनिटांचा उंबरठा

महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. १०० च्या पुढच्या युनिटाचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट पडतो.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. १०१ वे युनिट पडले की सगळ्या युनिटांना महाग दर लागतो, असे नाही. पहिली १०० युनिटे स्वस्त दरानेच धरली जातात, महाग दर फक्त वरच्यांना लागतो. म्हणून १३० युनिटे वापरणाऱ्या घराने ३० वाचवली, तर ती सगळ्यांत महाग ३० युनिटे वाचतात. तुमचे पहिले उद्दिष्ट तेवढेच ठेवा: सध्याच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात येणे.

बिलावर काय पाहावे?

- मागील आणि चालू रीडिंग: दोन्हींतला फरक म्हणजे तुमची युनिटे. चालू रीडिंग मीटरशी जुळते का, ते स्वतः पाहा.
- रीडिंगचा शेरा: आकड्याऐवजी 'लॉक', 'आरएनए' किंवा 'फॉल्टी' असे आले असेल, तर बिल प्रत्यक्ष वापराचे नाही, सरासरीचे आहे.
- किती दिवसांचे बिल: दोन-तीन महिन्यांचे रीडिंग एकदम घेतले असेल, तर टप्प्यांचा लाभही तितक्या महिन्यांत विभागून मिळायला हवा. तो दिला नसेल, तर बिल विनाकारण फुगते.
- स्थिर आकार: एकही युनिट वापरले नाही तरी हा द्यावाच लागतो.
- वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार: हे तिन्ही युनिटांवर चालतात. युनिट घटले की तिन्ही घटतात. त्यावर १६ टक्के वीज शुल्क असते, तेही त्याबरोबर कमी होते.
- मागील थकबाकी: या महिन्याचा वापर आणि जुनी बाकी वेगळी करून बघा. 'बिल अचानक दुप्पट झाले' अशा कित्येक तक्रारींचे उत्तर याच ओळीत सापडते.
- सुरक्षा ठेव: वाढीव ठेवीची मागणी हा दंड नव्हे. वाढलेल्या वापराप्रमाणे ठेव वाढते, ती तुमच्या नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळते.

बिल मुदतीआधीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत भरल्यास तत्पर भरण्याची सवलत मिळते. कागदी बिलाऐवजी ईमेलवर बिल घेण्याच्या 'गो ग्रीन' पर्यायात बिलामागे १० रुपये सुटतात. रक्कम लहान असली, तरी त्यासाठी काहीच खर्च करावा लागत नाही.

पहिली पायरी: बिनखर्चाचे बदल

१. रात्री झोपताना टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा.

२. फ्रीज भिंतीला चिकटवू नका. मागे हवा खेळू द्या, चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा. गरम भाजी निवल्यावरच आत ठेवा. दाराचे रबर सैल झाले आहे का, ते दारात कागद धरून पाहा. कागद सहज निघाला, तर रबर बदलायची वेळ झाली.

३. इस्त्री रोज एका कपड्यासाठी तापवू नका. आठवड्याचे कपडे एकदम करा.

४. टाकी भरून वाहू देऊ नका. वाया गेलेल्या पाण्याबरोबर मोटरची वीजही वाया जाते. नळाला पाणी येते तेव्हा ते शक्यतो खालच्या टाकीत साठवा आणि वर गरजेपुरतेच चढवा.

५. सोप्यात आणि माजघरात दिवसा उजेड कमी असेल, तर कौलांत एखादे काचेचे कौल बसवा. दिवसा दिवा लावायची गरज उरत नाही.

६. तुमच्याकडे नवे टीओडी (वापराच्या वेळेनुसार दर लावणारे) मीटर बसले असेल, तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना ती युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया अशी जाहीर झाली. मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन आणि मिक्सरची कामे या वेळेत उरका.

अंघोळीचे पाणी: सर्वांत मोठी बचत

डिसेंबर-जानेवारीत पाटणच्या खोऱ्यात पहाटे चांगलाच गारठा असतो आणि पावसाळ्यातही गरम पाण्यावाचून चालत नाही. २० लिटरची एक बादली अंघोळीजोगी तापवायला साधारण अर्धे युनिट लागते. चार माणसांच्या घरात रोज २ युनिटे, म्हणजे महिन्याला ६०. स्वस्त टप्प्यातल्या १०० पैकी ६० युनिटे एकट्या अंघोळीवर खर्च होतात. तुमच्यापुढे हे पर्याय आहेत:

- सौर बंब: १०० लिटरचा बंब तीन-चार जणांना पुरतो. हिवाळा आणि उन्हाळा मिळून वर्षातले सात-आठ महिने तो चांगले काम देतो. कोयनानगर-नवजा भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे जून ते सप्टेंबर त्याच्यावर विसंबता येणार नाही. मल्हारपेठ, मारुल हवेली किंवा तारळे या पूर्वेकडच्या भागात तो अधिक दिवस उपयोगी पडेल.
- गिझर: थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवा. सर्वांनी पाठोपाठ अंघोळी केल्या की पुन्हा पुन्हा तापवावे लागत नाही. काम झाले की बटण बंद. दिवसभर चालू ठेवलेला गिझर कोणी पाणी घेतले नाही तरी वीज घेत राहतो.
- रॉड: बादलीवर झाकण ठेवा आणि वेळ लावून बंद करा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढलाच पाहिजे.
- चुलीवरचा तांब्याचा बंब: परड्यातला पालापाचोळा, ऊस-शेंगांचे बुडखे, काटक्या घरच्या असतील, तर हा पर्याय आजही स्वस्त आहे. मात्र लाकूड विकत आणत असाल, तर त्याचा खर्च आणि वेळ हिशेबात धरा. धूर बाहेर जाईल अशी सोय करा. तो सर्वांत आधी घरातल्या बाईच्या छातीत जातो.

दुसरी पायरी: थोडा खर्च

खर्च कराल तो जास्त तास चालणाऱ्या वस्तूवर आधी करा. रोज बारा तास फिरणारा पंखा बदलणे फायद्याचे. पाहुणे आल्यावरच लागणारा माडीवरचा पंखा बदलून काही वाचत नाही.

- सर्व जुने बल्ब आणि चोकवाल्या ट्यूब काढून एलईडी लावा.
- पंखा, फ्रीज, गिझर घेताना तारांकनाच्या पट्टीवर छापलेला वीजवापराचा आकडा पाहा. दोन वस्तूंची तुलना ताऱ्यांवर नको, त्या आकड्यावर करा. पट्टीवरचे वर्षही बघा, कारण निकष बदलत असतात.
- वायरिंग जुने असेल तर तपासून घ्या. घरातली सगळी बटणे बंद करून मेन स्विच चालू ठेवा आणि मीटर पाहा. मीटर पुढे सरकत असेल, तर ओलीतून गळती किंवा विसरलेले एखादे उपकरण आहे. मेन बंद केल्यावरही सरकत असेल, तर मीटरची तक्रार करा.
- अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारे बटण) यांवर काटकसर करू नका. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तेव्हा जीव त्यावरच वाचतो.

गॅस आणि गोबर गॅस

कडधान्ये रात्री भिजत घाला, कुकर वापरा, पातेल्यावर झाकण ठेवा, उकळी आली की आच मंद करा. बर्नर पिवळ्या ज्योतीने जळत असेल, तर तो साफ करून घ्या. गॅस वाया जात आहे.

सिलिंडर घेताना वजन करून मागणे हा तुमचा हक्क आहे. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढे भरले पाहिजे. टाकीच्या कड्यावर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असते. ती तपासणीची मुदत असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. रबरी नळी पाच वर्षांनी बदला. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

गोठ्यात दोन-तीन जनावरे असतील, तर गोबर गॅसचा विचार जरूर करा. १ घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण २५ किलो शेण लागते. ते नीट चालले, तर महिन्याला जवळपास एका सिलिंडरइतका गॅस देते. शिवाय मळी शेताला मिळते. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा.

तिसरी पायरी: छतावरची सौर वीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिटे मिळतात. पाटणमध्ये पावसाळ्यात ती बरीच घटतात. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यांत वळती होतात आणि आर्थिक वर्षाअखेर हिशेब मिटतो. त्यामुळे वर्षभराची बेरीज करूनच क्षमता ठरवा.

ठरवण्यापूर्वी हे तपासा:

१. वापर: मागच्या बारा बिलांची युनिटे एकत्र करा. महिन्याला १०० च्या आत असाल, तर घाई नको. घ्यायचेच असेल, तर १ किलोवॅट पुरे. कमी वापराच्या ग्राहकांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाने पूरक अनुदान जाहीर केले आहे, त्याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात करा.

२. नाव: वीजजोडणी आजोबांच्याच नावावर असलेली घरे आपल्याकडे खूप आहेत. अर्जदार आणि जोडणीधारक एकच हवा. आधी नावबदल करून घ्या.

३. छत: स्लॅब असेल तर सोपे. कौलारू किंवा पत्र्याच्या छपराचे वासे, वारा आणि वजन जाणकाराकडून तपासा. कोयना परिसर भूकंपप्रवण आहे, सांगाड्याची मजबुती पैशांसाठी कमी करू नका. पश्चिमेकडच्या डोंगराची सावली कधी येते, तेही बघून ठेवा.

४. पुरवठादार: योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेलाच निवडा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. हमी आणि देखभाल किती वर्षांची आणि त्यात काय येते, हे लेखी घ्या. अनुदान काम पूर्ण झाल्यावर थेट तुमच्या खात्यात येते.

५. अपेक्षा: बिल 'शून्य' होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. स्थिर आकार राहतोच. आणि बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते.

बंद घर आणि मुंबईकर

ढेबेवाडी, मोरगिरी, चाफळ या खोऱ्यांतली कितीतरी घरे वर्षातले अनेक महिने कुलूपबंद असतात. माणसे मुंबईत, गणपतीला आणि जत्रेला गावी. मीटर घरात असेल, तर रीडिंग न मिळून सरासरी बिल पडते.

- जाण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्रीज रिकामा करून दार उघडे ठेवा आणि मीटरचा फोटो काढा.
- मीटर बाहेरच्या, पावसापासून आडोशाच्या जागी बसवून देण्यासाठी अर्ज करा.
- मोबाइल क्रमांक नोंदवा. रीडिंगचा संदेश आला की महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतःही पाठवता येते.
- स्थिर आकार भरत राहा. तो थकून जोडणी कायमची तुटली, तर नवी घेणे जास्त महाग पडते.

बिल चुकीचे वाटले तर

१. मीटरचा तारखेसह फोटो काढा. आधीची दोन बिले जवळ ठेवा.

२. १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्यासोबत उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.

३. मीटर वेगाने फिरतो अशी शंका असेल, तर चाचणीचा अर्ज करा.

४. दाद मिळाली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. सातारा जिल्हा महावितरणच्या बारामती परिमंडलात येतो. वकील लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे.

५. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते.

वीज कायदा, २००३ मधले कलम ५६ प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावे. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणून चुकीचे बिल आल्यावर भरणेच थांबवणे हा मार्ग घेऊ नका. निषेध नोंदवून भरा.

या चुका टाळा

- घरच्या मीटरवरून शेजाऱ्याला किंवा शेतीच्या लाइनवरून घराला वीज देऊ नका. कलम १२६ आणि १३५ खाली बचतीच्या कैकपट रक्कम भरावी लागते.
- साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची मोफत वीज योजना घरच्या मीटरला लागू नाही.
- घरातच शिवणकाम किंवा छोटे दुकान असेल, तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या मर्यादेत घरगुती दर मिळू शकतो. कार्यालयात विचारून नोंद करून घ्या, लपवू नका.
- मीटरला लावायचे 'वीज वाचवणारे' डबे विकत घेऊ नका. घरगुती बिल युनिटांवर असते आणि ते डबे युनिट कमी करत नाहीत.

या महिन्यात एवढेच करा: १ तारखेला मीटरचा फोटो काढा, अंघोळीच्या पाण्याचा हिशेब मांडा आणि मागची बारा बिले एका पिशवीत ठेवा. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पुन्हा फोटो काढून दोन्ही आकडे घरातल्या सर्वांसमोर ठेवा. कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही, हे त्यावरून तुम्हीच ठरवाल. विक्रेत्याच्या सांगण्यावर ते सोडू नका.